अंबरच्या गोष्टीत जादू कुठे असावी?

गुलामगिरी इतकी खरी असताना तिच्यावरच्या कादंबऱ्यांत जादू कशाला? कॉल्सन व्हाइटहेडची 'द अंडरग्राउंड रेलरोड' (२०१६) वाचताना मला हा प्रश्न पडला. अमेरिकेत पळणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचं हे नाव. व्हाइटहेडने ते शब्दशः घेतलं आणि जमिनीखाली खरीखुरी आगगाडी धावायला लावली. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'मध्ये (१९८७), गुलामीत परत जाऊ नये म्हणून आईने मारलेली मुलगी परत येते.

माझं शहर, छत्रपती संभाजीनगर, अशाच एका विकल्या गेलेल्या माणसाने उभं केलं. इथिओपियात जन्मलेला चापू अनेक हातांतून विकला जात दख्खनेत आला. मलिक अंबर झाला, निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला आणि १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली. हेच आजचं शहर.

त्याने जमिनीखालून नहर आणली. लोक तिला 'चमत्कार' म्हणतात. इंजिनिअर म्हणून मला तो शब्द खटकतो. पंप नाही, वीज नाही; पाणी फक्त उतारावर वाहायचं. उतार जास्त झाला तर बांधकाम झिजतं, कमी झाला तर गाळ साचतो. हे मोजणारी, खोदणारी माणसं होती. चमत्कार म्हटलं की त्यांचं डोकं आणि घाम दोन्ही पुसले जातात.

गंमत म्हणजे अंबरच्या गोष्टीत पहिली जादू घुसवली ती त्याच्या शत्रूने. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने १६१६च्या सुमारास एक चित्र काढलं: पृथ्वीच्या गोलावर उभा बादशहा, समोर भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि त्यावर बाण. प्रत्यक्षात मुघलांना तो कधीच सापडला नाही. १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला. कबर खुलताबादला आहे. रणात जमलं नाही, ते बादशहाने कागदावर करून घेतलं.

म्हणजे कल्पना कुणाच्या बाजूने काम करते, हा खरा प्रश्न. दरबारी लेखक लढाया लिहितात, तह लिहितात. चापूला शेवटची हाक मारताना त्याच्या आईचा आवाज कसा झाला असेल, हे कोण लिहिणार? 'अंबर' हे नाव मालकाने दिल्यावर रात्री तो स्वतःला कोणत्या नावाने हाक मारत असेल?

अंबरवरच्या कादंबरीत मला जादू हवी ती इथे. खुशाल ती आई समुद्र ओलांडून खडकीच्या वेशीत येऊ दे. नहर मात्र माणसांनीच खोदलेली राहू दे.