फोटोतल्या लक्ष्मीची साडी



दिवाळीला लक्ष्मीपूजनात आपण फोटो मांडतो. देवी कमळावर उभी, अंगावर जरीकाठाची साडी, बाजूला हत्ती. पण ही साडी देवीला नेसवली कुणी?

राजा रविवर्मा हे केरळचे चित्रकार. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्र दगडावर उतरवत. एकेका रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप. चित्रं स्वस्त झाली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देवी आली.

या चित्रांत कपडा बोलतो. लक्ष्मीची तांबूस जरीची साडी म्हणजे सौभाग्य आणि भरलं घर. सरस्वतीची पांढरी साडी म्हणजे विद्या. बिनकाठाचं पांढरं लुगडं आपल्याकडे विधवेचं मानत. सरस्वतीच्या साडीला मात्र जरीचा काठ आहे, अंगावर दागिने आहेत. बायका तर या छापील चित्रांवर खरं कापड, जर, टिकल्या चिकटवून देवीला सजवायच्या.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बायका चित्रकारासमोर सहसा बसत नसत. बसायच्या त्या बहुतेक गाण्या-नाचण्याच्या घरांतल्या. गोव्याकडच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांना पाहून रविवर्मा आणि धुरंधर यांनी चित्रं काढली. याच अंजनीबाईंना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

जपानमध्येही लाकडी ठशांनी कलावंतिणींची चित्रं छापत. उतामारो हा त्यातला नावाजलेला चित्रकार, १८०६ साली वारला. तिथे कमरेच्या रुंद पट्ट्याची, ओबीची, गाठ पुढे दिसली की बाई कोणत्या वस्तीतली ते कळायचं. कपडा तिची ओळख सांगायचा. आपल्याकडे उलटं झालं. देवीची साडी अंगावर आली आणि खालची बाई कुणाला दिसलीच नाही.

अंबडला मत्स्योदरीची ओटी आपण साडीचोळीनं भरतो. जत्रेत तमाशातल्या बाईची लावणीही ऐकतो. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावतो का? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकदा बोलू या. फोटोला हात जोडताना ज्यांच्या चेहऱ्यावरून देवी रंगली, त्या बायकांचीही आठवण ठेवू या.