लॅपटॉप टीव्हीला जोडताय? चित्र स्वच्छ दिसण्यासाठी एवढं करा

सेलू : दहावी-बारावीच्या धड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर चार लेकरांना एकत्र दिसत नाहीत. घरातला लॅपटॉप टीव्हीला जोडला तर मागं बसलेल्यालाही आकडे वाचता येतात.

वाय-फायपेक्षा एचडीएमआय केबल बरी. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, अडकतही नाही. जुन्या लॅपटॉपच्या निळ्या व्हीजीए पिनेतून फक्त चित्र जातं. आवाजाची वायर वेगळी लावावी लागते.

केबल लावून टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' दाबा आणि जिथं केबल लावली तो एचडीएमआय क्रमांक निवडा. मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून 'डुप्लिकेट' घ्या.

चित्र धूसर दिसलं तर 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बघा. फुल एचडी टीव्हीला १९२०×१०८०, साध्या एचडी टीव्हीला १३६६×७६८ किंवा १२८०×७२० ठेवा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावर टीव्हीचं नाव निवडा.

मूळ व्हिडिओच ३६०पी असला तर महागडी केबलही तो स्वच्छ करत नाही. रेंज असेल तेव्हा ७२०पीमध्ये डाऊनलोड करून ठेवावा.