हळदीचें पेटंट आणि पोथ्यांची यादी

१. इ. स. १९९५ च्या मार्च महिन्याच्या २८ व्या तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेटंट कचेरीनें ५४०१५०४ या क्रमांकाचें एक पेटंट दिलें. तें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नांवें होतें. संशोधक दोघे असून दोघेही मूळचे भारतीयच होते. हळदीची पूड जखमेवर लावून अथवा पोटांत देऊन जखम भरून आणण्याची कृति, हा त्या पेटंटाचा विषय. विळीनें बोट कापलें असतां घरांतील वडीलधारी बाई कोणासही न विचारतां जें करते, त्याचाच मक्ता हा असा एका संस्थेस मिळाला. पुढें दोन वर्षांनीं हें पेटंट रद्द ठरलें व वर्तमानपत्रांतून विजयाचे पुष्कळ लेख आले. त्या विजयाचा डंका पुन्हा वाजविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. तो तंटा कोणत्या पुराव्यावर जिंकला गेला, कोणता पुरावा असूनही कामास येण्याजोगा नव्हता, व त्यावरून जुन्या पोथ्यांच्या संग्राहकांनीं काय बोध घ्यावा, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

२. 'पेटंट' हा शब्द लॅटिन भाषेंतील 'उघडें असणें' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मुद्रा न फोडतां कोणासही वाचतां यावें असें राजपत्र, तें पेटंट. आपल्या परिभाषेंत त्यास सनद म्हणावें. मात्र वतनाची सनद वंशपरंपरेनें चालते, ही मुदतबंद असते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १४७४ सालीं १० वर्षांची, तर इंग्लंडांतील १६२४ च्या कायद्यानें १४ वर्षांची मुदत ठरविली. हल्लीं बहुतेक देशांत ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. हिंदुस्थानांत असा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. त्याच वर्षीं ३ मार्च रोजीं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल केलेला अर्ज आपल्याकडील पहिला होय. कायदा करण्यापूर्वीं इंग्लंडच्या राणीची संमति घेतली नव्हती, म्हणून तो १८५७ सालीं रद्द होऊन १८५९ सालीं नवा करावा लागला. या सर्व सनदांचें तत्त्व एकच. शोधकानें आपली विद्या उघड करावी व सरकारनें तिच्या मोबदल्यांत कांहीं वर्षांचा मक्ता द्यावा. अर्थात् जी विद्या आधींच उघड आहे तिचा मोबदला देण्याचें कारणच उरत नाहीं. सारा तंटा उद्भवतो तो 'उघड' या शब्दाच्या व्याख्येंतून.

३. १९९५ सालीं अमेरिकेच्या कायद्यांत ही व्याख्या मोठी चमत्कारिक होती. एखादी कृति खुद्द अमेरिकेंत लोकांस ठाऊक असेल, तर तेवढ्यानें तिचें नवेपण नष्ट होई. परंतु ती परदेशांत ठाऊक असेल, तर तिचें पेटंट झालेलें असावें अथवा ती छापील प्रकाशनांत वर्णिलेली असावी, अशी अट होती. कोट्यवधि लोकांचा नित्याचा परिपाठ अमेरिकेच्या सीमेबाहेरचा असला कीं त्या कायद्याच्या डोळ्यांस तो दिसत नसे. शिवाय एकदां दिलेल्या पेटंटाची फेरतपासणी मागावयाची, तर आधार म्हणून जुनीं पेटंटें व छापील प्रकाशनें हींच चालतात. पहिला भेद २०११ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आला, व १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांस जगांत कोठेंही लोकांस उपलब्ध असलेलें ज्ञान आड येऊं शकतें. परंतु हळदीच्या वेळीं शंभर आजीबाईंचीं प्रतिज्ञापत्रें एका छापील पानाच्या तोलाचीं नव्हतीं.

४. ही अडचण ओळखूनच वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ च्या ऑक्टोबरांत फेरतपासणीचा अर्ज केला. त्या वेळीं परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर हे होते. त्यांचा जन्म गोव्यांतील माशेल येथील. परिषदेनें संस्कृत, हिंदी, उर्दू इत्यादि भाषांतील ३२ आधार शोधून, त्यांचीं भाषांतरें करवून पुढें मांडले. त्यांपैकीं कांहीं शंभर वर्षांहून जुने होते, व १९५३ सालीं इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत आलेला एक निबंधही त्यांत होता. १९९७ सालीं पेटंट कचेरीनें सहाही दावे नामंजूर केले. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हळद जखमेवर लावीत नाहींत असें कोणी म्हणत नव्हतें. प्रश्न एवढाच होता कीं, लावतात हें कोणत्या छापील पानावर, कोणत्या सालीं लिहिलें आहे.

५. आतां संस्कृत आधारांकडे वळूं. वैद्यकग्रंथांत हळद क्वचितच एका नांवानें येते. हरिद्रा, कांचनी, पीता, वरवर्णिनी हीं नांवें रंगावरून पडलीं. परंतु निशा, रजनी इत्यादि रात्रीचीं नांवेंही तिलाच दिलेलीं आहेत. ज्यास हा संकेत ठाऊक नाहीं त्याच्या भाषांतरांत लेपाच्या द्रव्यांत हळदीऐवजीं 'रात्र' पडेल, व यादींतून तो आधार कायमचा नाहींसा होईल. उलट बाजूनें, दारुहरिद्रा अथवा दार्वी ही हळदीचे नांव धारण करणारी निराळीच वनस्पति आहे. ती हिमालयाकडील कांटेरी झुडूप असून तिचें काष्ठ पिवळें असतें एवढेंच साम्य. 'निशाद्वय' म्हटलें म्हणजे या दोन्ही घ्यावयाच्या. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत २५ व्या अध्यायीं व्रणावरील जात्यादि घृत सांगितलें आहे. त्यांत दार्वी व निशा शेजारींशेजारीं येतात. हा ग्रंथ निर्णयसागर छापखान्यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत छापून प्रसिद्ध केलेला असल्यामुळें 'छापील प्रकाशन' ही अट तो निर्विवाद पुरी करतो.

तथापि सत्यास स्मरून येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेटंटांतील दावा केवळ हळदीच्या पुडीविषयीं होता. जात्यादि घृतांत जाई, निंब, पटोल, मंजिष्ठा अशीं अनेक द्रव्यें असून हळद हें त्यांतील एक अंग आहे. तेव्हां 'आमच्या ग्रंथांत हळद आहे' एवढें म्हणून भागत नाहीं. एकटी हळद, पुडीच्या रूपानें, जखमेसाठीं, असा नेमका आधार लागतो. आणि विचित्र असें कीं, नुसती हळद दाबण्याचा उपाय जितका सर्वतोमुखीं, तितका तो पंडितांच्या ग्रंथांत लिहिला जाण्याचा संभव कमी. जें सर्वांस ठाऊक तें लिहून कोण ठेवील? असा मजकूर सांपडावयाचा तो घरगुती बाडांत, वैद्याच्या चोपडींत, हिशेबाच्या कागदामागें लिहिलेल्या दोन ओळींत. म्हणजे ज्या कागदांस आपण आजवर 'किरकोळ' म्हणत आलों, त्यांतच.

६. परंतु असा कागद हस्तलिखित असला तर तो 'छापील प्रकाशन' कसा ठरावा? याविषयीं अमेरिकेच्या न्यायालयाचे दोन निर्णय संग्राहकांनीं अवश्य जाणावे असे आहेत. १९८६ सालीं एका तंट्यांत जर्मनींतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील एक प्रबंध पुढें आला. तो तेथें यादींत नोंदलेला व वाचकांस उपलब्ध होता; तेवढ्यावरून न्यायालयानें तो प्रकाशन म्हणून मान्य केला. पुढें १९८९ सालीं ऑरेगन प्रांतांतील रीड कॉलेजांतील तीन प्रबंधांचा प्रश्न आला. तेही ग्रंथालयांत होते व मागणाऱ्यास मिळत; परंतु त्यांचीं टांचणें केवळ विद्यार्थ्यांच्या नांवांच्या अनुक्रमानें लावलेलीं होतीं, विषयावरून शोधण्याची सोय नव्हती. न्यायालयानें ते प्रकाशन नव्हेत असें ठरविलें. येणेप्रमाणें छापखाना हा निर्णायक ठरला नाहीं, तर यादी ठरली. कागद अस्तित्वांत आहे यापेक्षां जिज्ञासूस तो विषयावरून गांठतां येतो कीं नाहीं, हें महत्त्वाचें.

७. युरोपांतील कायदा याहून उदार आहे. तेथें लेखानें, तोंडीं अथवा प्रत्यक्ष वापरानें जें लोकांपुढें आलेलें आहे, तें कोठलेंही असलें तरी नवेपणास बाधक होतें. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचें जें पेटंट १९९४ सालीं युरोपीय पेटंट कचेरीनें अमेरिकेचें कृषिखातें व एक कंपनी यांस दिलें होतें, तें २००० सालीं रद्द झालें, व त्यावरील अपील २००५ सालीं फेटाळलें गेलें. त्या कामीं भारतांतील एका कारखानदाराची प्रत्यक्ष वापराविषयींची साक्ष उपयोगी पडली. आपल्या देशाच्या कायद्यांतही २००२ च्या दुरुस्तीनें पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे असें कलम घातलें गेलें, व स्थानिक समाजांतील मौखिक ज्ञानाच्या आधारें हरकत घेण्याचीही सोय झाली. तरी साक्षीदार मर्त्य असतो; कागद त्यामानानें दीर्घायुषी.

८. येथें एक गंभीर आक्षेप संभवतो. पोथ्यांतील योग उजेडांत आणले, तर परक्या कंपन्यांस ते आयतेच हातीं लागतील; त्यांत थोडा फेरफार करून त्या नवे हक्क घेतील, व ज्यांनीं तें ज्ञान पिढ्यानुपिढ्या राखलें त्यांच्या हातीं कांहींच पडणार नाहीं; सबब पोथी पेटींतच बरी, असें म्हणणारे आहेत. हा आक्षेप सरकारासही मान्य असावा असें दिसतें. २००१ सालीं सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयांत जुन्या ग्रंथांतील चार लाखांहून अधिक योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरविण्यांत आले. परंतु तें भांडार सर्वांस खुलें न ठेवतां, गुप्ततेचा करार करणाऱ्या पेटंट कचेऱ्यांसच दाखविण्याची व्यवस्था केली गेली. युरोपीय कचेरीशीं असा करार २००९ सालीं झाला. पुढें २०२२ च्या ऑगस्टांत केंद्रीय मंत्रिमंडळानें इतरांसही तें खुलें करण्यास मंजुरी दिली, तेव्हां याच दोन पक्षांचा वाद पुन्हा उभा राहिला.

९. आमच्या मतें दोन प्रकारचे कागद निराळे ओळखले, तर हा वाद बराच मिटतो. जी पोथी दोनशें वर्षांपूर्वींची, जिचा कर्ता व लेखक दोघेही कालवश, तिच्यांतील योग लपविण्यानें रक्षण कोणाचेंच होत नाहीं. उलट दुसऱ्यानें त्यावर हक्क सांगितला असतां आपणच निःशस्त्र राहतों. अशी पोथी अवश्य नोंदवावी. परंतु एखाद्या वैद्यघराण्यांत आजही चालू असलेली विद्या, अथवा वनवासी जमातीच्या माहीतगारानें विश्वासानें सांगितलेला उपाय, ही मात्र त्यांची ठेव होय. ती त्यांच्या संमतीवांचून छापणें म्हणजे विश्वासघात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानेंही अशा ज्ञानाच्या धारकांस लाभांत वांटा असावा हें तत्त्व मानलें आहे.

१०. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून आपण राजकीय पत्रांची तारीख, शिक्का, मायना यांविषयीं डोळ्यांत तेल घालून काळजी घेत आलों. वैद्यक, रंगकाम, शाई, कागद, धातुकाम यांच्या बाडांस ती काळजी लाभली नाहीं. प्रस्तुत लेखकही या दोषांतून मुक्त नाहीं. एका घराण्याच्या दफ्तराची यादी करतांना त्यानें तीन रुमालांवर 'वैद्यक, फुटकळ' एवढाच शेरा मारून ते बाजूस ठेविले होते. कांहीं वर्षांनीं ते पुन्हा पाहण्यास गेलों, तों दोन कसरीनें खाल्ले होते. तिसऱ्यांत काय होतें तें मालकांस आठवत नव्हतें व यादीवरून कळण्याची सोय नव्हती. ती सोय न ठेवणारा यादीकार मीच.

११. म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच. बाडाची नोंद करतांना पुष्पिकेंतील शक, संवत्सर व लेखकाचें नांव, तें नसल्यास कागदावरून व अक्षरावरून काळाचा अंदाज, पानांची संख्या व प्राप्तीचें स्थळ हीं लिहावीं. त्यापुढें जाऊन प्रत्येक योगाचा विषय, मुख्य द्रव्यें व रोग यांची अकारविल्हे सूचि जोडावी. निशा, रजनी यांसारखीं नांवें आलीं असतां मूळ शब्द तसाच ठेवून शेजारीं 'हळद' असें लिहावें. यादीची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत तारखेची पोंच घेऊन ठेवावी. हें काम कंटाळवाणें खरें, व त्यांत कीर्ति नाहीं. परंतु १९९६ सालीं जे ३२ आधार उपयोगी पडले, तेही कोणीतरी पूर्वीं लिहिलेले, छापलेले व जपलेले होते म्हणूनच हातीं आले. पुढचा तंटा कोणत्या मुळीविषयीं निघेल हें आज सांगतां येत नाहीं. त्याचें उत्तर ज्या पानावर आहे तें पान कोणत्या रुमालांत आहे, एवढें सांगतां आलें पाहिजे.