पांढरी माती, पिवळी पानं



मागच्या उन्हाळ्यात निफाडहून माझे मामा इंग्लंडला आले होते. त्यांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, म्हणून त्यांना ससेक्समधली एक बाग दाखवायला नेलं. बाकीची मंडळी वाईन चाखत होती, आणि मामा मात्र वाकून ढेकूळ उचलून बघत होते. "अरे, हा तर नुसता चुना! ह्यात वेल जगतो कसा?"

प्रश्न साधा नव्हता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या एका नव्या प्लॉटची पानं पिवळी पडली होती. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. खत कमी पडलं असेल म्हणून ते दोन हंगाम खतं देत राहिले. शेवटी माती तपासली, तेव्हा कळलं की जमिनीत चुनखडी जास्त आहे. लोह मातीत होतं, पण वेलाला घेता येत नव्हतं.

हाच धडा फ्रान्सला दीडशे वर्षांपूर्वी फार महागात शिकावा लागला. आज तीच गोष्ट ऐका.

१८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बागा अचानक वाळू लागल्या. १८६८मध्ये प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर एक बारीक कीड सापडली. ती फायलोक्झेरा, अमेरिकेतून वेलींबरोबर आलेली. कुटुंबंच्या कुटुंबं उघड्यावर आली. उपाय शोधणाऱ्याला सरकारने ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेतलाच. तिथल्या रानवेलींची मुळं ही कीड सहन करतात, म्हणून खुंट अमेरिकन घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच वेलाचं कलम करायचं.

आम्ही आयटीवाले ज्याला 'पायलट यशस्वी' म्हणतो, तसंच हे झालं. दक्षिणेतल्या बऱ्याच जमिनींत कलमं छान वाढली. मग तेच खुंट कोन्याकच्या आसपासच्या चुनखडीच्या जमिनीत गेले, आणि किडीतून वाचलेले वेल पिवळे पडून मरू लागले. खुंट किडीला टिकतो का, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तो आपल्या मातीत टिकेल का, हे पाहायचं राहून गेलं होतं.

१८८७मध्ये सरकारने मोंपेलिएचे प्राध्यापक पिएर व्हियाला यांना अमेरिकेला पाठवलं. काम एकच: चुनखडीत जगणारा रानवेल शोधा. टेक्सासमधल्या डेनिसन गावी त्यांना टी. व्ही. मन्सन भेटले. रानद्राक्षांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर बर्लांडिएरी जातीचा वेल हिरवागार वाढत होता. अडचण एवढीच, की त्याच्या काडीला सहजी मुळं फुटत नाहीत. म्हणून त्याचे संकर पुढे आले. त्यातला एक मिलार्दे यांनी १८८२मध्येच केला होता, युरोपच्या शास्ला द्राक्षाशी. त्याचं नाव ४१ बी. हे मिलार्दे म्हणजे बोर्डो मिश्रणवाले! आपल्याकडे केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याची जी फवारणी होते, ती त्यांचीच देणगी.

आता प्रश्न आला मोजणीचा. कुठल्या जमिनीत कुठला खुंट? मातीवर आम्ल टाकलं की चुना फसफसतो, आणि निघालेला वायू मोजला की एकूण चुना कळतो. पण इथेही गफलत होती. एकूण चुना सारखाच असला, तरी टणक चुनखडीच्या खड्यांत वेल ठीक राहतो आणि मऊ, भुगाभुगा होणाऱ्या खडूत पिवळा पडतो. त्रास देतो तो बारीक, चटकन विरघळणारा चुना. १९४२मध्ये द्रुइनो यांनी नेमका हा 'क्रियाशील चुना' मोजायची पद्धत दिली. पुढे गाले यांनी प्रत्येक खुंटाची मर्यादा सांगितली. रिपारिया ग्लोआर साधारण ६ टक्क्यांपर्यंत, तर ४१ बी ४० टक्क्यांपर्यंत. १९७२मध्ये जूस्त आणि पूजे यांनी त्यात मातीतल्या उपलब्ध लोहाचाही हिशेब धरला.

थंड प्रदेशात ही तपासणी आणखी मोलाची. वसंतातली गार, ओलीचिंब माती मुळांना सुस्त करते, आणि चुन्याचा त्रास नेमका तेव्हाच वाढतो. शँपेन हा असाच थंड प्रदेश, आणि तिथल्या खडूत ४१ बी आजही मोठ्या प्रमाणावर आहे. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे तुम्ही पाहिले असतील. त्यांचा खडू आणि शँपेनचा खडू एकाच युगातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला. म्हणून दक्षिण इंग्लंडमध्ये बाग लावणारे आधी माती प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवाल हाती आला की मग खुंट ठरवतात. मामांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

हे सगळं सांगितल्यावर मामा म्हणाले, "म्हणजे आमच्या डॉगरिजसारखंच की!" खरंच आहे. महाराष्ट्रात पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन म्हणून डॉगरिज खुंट घराघरांत पोचला. तो मूळचा टेक्सासमधल्या बेल काउंटीचा, आणि तो जगापुढे आणला त्याच मन्सन यांनी. निफाडच्या बागेची आणि फ्रान्सच्या बागेची मुळं अशी एकाच माणसाच्या अंगणापर्यंत जातात.

या शनिवारी मुलांना घेऊन एक गंमत करा. बागेतली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि वर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं, तर मातीत चुना आहे. मग रोपाची पानं पिवळी पडली, तर खताची पिशवी फोडण्याआधी मातीला विचारा. मामांना हे विचारायला दोन हंगाम लागले, फ्रान्सला त्याहून कितीतरी जास्त.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!