वेळेचा वर्ग, सवडीचा वर्ग

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. पण मी संगणकाच्या धंद्यातली. म्हणून दूरवरून शिकण्याच्या दोन रीतींचा, आपल्याच डोळ्यांदेखत घडलेला इतिहास लिहिते.

आपण लहान असताना, १५ ऑगस्ट १९८४ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर येऊ लागले. वेळ चुकली की पाठ गेला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, ते याच्या उलट. पुस्तकं घरी, अभ्यास सवडीने. माझ्या काकूने आंब्याच्या पेट्या भरता भरता तिथून बी.ए. केलं. अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रं मात्र तिने कधी चुकवली नाहीत. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मार्च २०२० मध्ये, ऐन हापूसच्या हंगामात, शाळा बंद झाल्या. पावसाळ्यात मोबाइलवर वर्ग सुरू झाले. देवगडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. लाईट जाते, मागोमाग रेंज. नववीतला भाचा छत्री घेऊन कातळावर जायचा, तरी सरांचं अर्धंच वाक्य पोचायचं. कणकवली तालुक्यातली एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून शिकत होती, ती बातमी तेव्हाचीच. धाकटी भाची सहावीत. तिला २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मिळालं. वेळ ठरलेली, पण रेंज नको. ते आठवीपर्यंतच होतं.

मी पुण्यातून शहाणपण शिकवलं. थेट वर्ग सोड, व्हिडिओ थांबवून पुन्हा पुन्हा बघ. गणिताचे चाळीस व्हिडिओ मेमरी कार्डात भरून गावी जाणाऱ्या ओळखीच्यांकडे दिले. हिशेबाने माझं चूक नव्हतं.

गणपतीला घरी गेले, तर चाळीसपैकी तीनच उघडलेले. भाऊ म्हणाला, आता शाळा नको म्हणतो, होडीवर जातो म्हणतो. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आत्ये, बघलंय काय म्हणान माका कोणी इचारूकच नाय."

त्याच्या गणिताच्या बाईंनी मग एक सोपी गोष्ट केली. व्हिडिओ त्याने सवडीने बघायचा आणि संध्याकाळी त्या साध्या फोनवर पाच मिनिटं बोलायच्या. इंटरनेट लागत नव्हतं. काकूची संपर्कसत्रं मला तेव्हा आठवली.

२०२२ मध्ये त्याने दहावीची परीक्षा केंद्रावर जाऊन दिली. बाई फोनवर आधी विचारायच्या, "पाऊस कसो आसा?" गणित त्यानंतर.