पदक कुणाचं? कडेवरचं नाव वाचा

जुन्या बाजारात आणि ऑनलाइन लिलावात ब्रिटिश काळातली लष्करी पदकं विकायला येतात. विकणारा चांदीचं वजन सांगतो, संग्राहक दुर्मिळता पाहतो. आपला प्रश्न वेगळा असला पाहिजे : हे पदक कुणाच्या छातीवर होतं? ज्या समाजाला बखरीत जागा मिळाली नाही, त्याच्या पणजोबाचं नाव धातूवर सापडणं हा पुरावा आहे, शोभेची वस्तू नव्हे.

शोध पदकाच्या कडेपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. क्रमांक आणि पलटण जुळली तरच माणूस सापडतो. धातूसुद्धा बोलतो. सैनिकाला चांदीचं पदक मिळालं, लेबर कोअरच्या मजुराला ब्राँझचं. युद्ध एकच, पण श्रमाची उतरंड पदकातही उतरली.

गणवेशाबाबत जास्त सावध राहा. बटणं आणि खांद्यावरचा बिल्ला पलटण सांगतात, माणूस सांगत नाहीत. विक्रेता वेगवेगळे तुकडे जोडून 'संपूर्ण गणवेश' तयार करू शकतो.

कडेवर '१११ महार्स' दिसलं तर त्याचा अर्थ समजून घ्या. १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे दाद मागितली गेली. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये ही पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. पुढे महार रेजिमेंटसाठी १९४१ उजाडावं लागलं. म्हणजे ते पदक चार वर्षांच्या एका फटीतून आलेलं आहे, आणि ती फट अर्जविनंत्यांनी व गरजेने मिळून उघडली होती.

नोंदींच्या बाबतीतही न्याय सारखा नाही. लाहोर संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३,२०,००० पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदी जपल्या गेल्या आणि २०२१ पासून त्या ऑनलाइन शोधता येऊ लागल्या. उलट आपल्याकडच्या गावातली संगमरवरी पाटी पाहा : या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यापैकी इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावरही ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं गेलं, भारतीय शिपायांची मात्र पलटणीखाली संख्या लिहिली गेली. जिथे स्मारकाने नाव गाळलं, तिथे पदकाची कड ते सांगते.

नाव वाचून आपली माणसं ओळखण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरच्या ४९ मृतांपैकी २२ जण महार होते, हे नावाच्या शेवटच्या 'नाक' वरूनच ओळखलं गेलं. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. तिथे नावं कोरलेली होती, म्हणूनच शंभर वर्षांनी ती वाचता आली.

काही जण विचारतील, साम्राज्याच्या पदकाचं कौतुक कशाला? कौतुक साम्राज्याचं नाही. आपल्या माणसाला साम्राज्यानेही वापरून टाकून दिलं, हे सिद्ध करायलासुद्धा नाव, क्रमांक आणि तारीख लागते. पुराव्याशिवायचा अभिमान विरोधक एका फटक्यात खोडून काढतो. म्हणून प्रत्येक जुनं पदक 'आपलंच' म्हणायची घाईही नको.

घरातल्या पेट्या उघडा. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. चारही बाजूंनी फोटो काढा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद जपा. आजी-आजोबांना गाव, पलटण, जुनं आडनाव विचारा आणि ते आजच लिहून ठेवा. आडनावं बदलली की कागद आणि माणूस यांना जोडणारा दुवा फक्त त्यांच्या आठवणीत उरतो. आणि पदक विकायची वेळ आलीच, तर निदान नाव विकलं जाऊ देऊ नका.

जय भीम!