मोटारीतील विवर्धक : जोडणीचा इतिहास आणि एका संज्ञेचा विचार

मराठीत 'ध्वनिवर्धक' हा शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी योजिला जातो. सभामंडपातील कर्णा हा ध्वनिवर्धक. आणि त्या कर्ण्यास विद्युत् पुरविणारी पेटी, म्हणजे अँप्लिफायर, हाही ध्वनिवर्धकच. नित्याच्या व्यवहारात यामुळे फारसे अडत नाही. परंतु मोटारीत अँप्लिफायर बसविण्याच्या कामाचा इतिहास पाहिला असता ही संदिग्धता निरुपद्रवी नाही, असे दिसून येते. अँप्लिफायर मुळी ध्वनी वाढवीतच नाही. तो बॅटरीतून शक्ती घेतो आणि क्षीण विद्युत्संकेताच्या बरहुकूम ती कर्ण्याकडे सोडतो. ही शक्ती जी तार आणते तिची आठवण 'ध्वनिवर्धक' या नावात कोठेही राहत नाही; आणि प्रस्तुत विषयाचा इतिहास तर बव्हंशी त्या तारेचाच इतिहास होय.

शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने १९३० साली मोटारीसाठी 'मोटोरोला' नावाचा रेडिओ बाजारात आणला. 'मोटार' या शब्दास जोडलेला 'ओला' हा अंत्यांश त्या काळी ध्वनियंत्रांच्या नावांत रूढ होता. त्या रेडिओतील निर्वात नलिकांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे. मोटारीची बॅटरी मात्र बहुधा सहा व्होल्टची असे. म्हणून प्रारंभी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवाव्या लागत. पुढे त्याच दशकात 'व्हायब्रेटर' आला. ही कंप पावणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह वेगाने खंडित करी. त्यामुळे तो ट्रान्स्फॉर्मरमधून नेऊन त्याचा दाब वाढविता येई.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत लागला. १९५५ साली फिल्को व क्रायस्लर यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टर बारा व्होल्टवर थेट काम करी. व्हायब्रेटर निरुपयोगी ठरला, आणि दाब वाढविण्याचा प्रश्न कायमचा मिटला असे वाटले.

तो मिटला नव्हता. चालू इंजिनाच्या गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. साध्या मांडणीत एवढ्या दाबावर चार ओमच्या कर्ण्यास फार तर साडेसहा वॅट देता येतात. कर्ण्याची दोन्ही टोके उलट दिशांनी चालविणाऱ्या 'ब्रिज' मांडणीत सव्वीसच्या आसपास. ही गणिताची मर्यादा आहे. प्रत्यक्षात याहून कमीच मिळते. कॅसेटच्या काळात श्रोत्यास याहून अधिक हवे झाले, तेव्हा शक्तिशाली अँप्लिफायर डेकपासून अलग झाला व आसनाखाली किंवा डिकीत गेला. त्याच्या पोटात ट्रान्झिस्टरच प्रवाह खंडित करून दाब वाढवू लागले. व्हायब्रेटरचे काम अशा रीतीने नव्या रूपात परत आले, आणि बॅटरीपासून निघणारी जाड तारही त्याच्यासोबत आली.

हिशेब असा : चार ओमच्या एका कर्ण्यास शंभर वॅट द्यावयाचे व कार्यक्षमता निम्मी धरावयाची, तर बॅटरीतून दोनशे वॅट, म्हणजे सुमारे चौदा अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. एवढा प्रवाह डेकच्या बारीक तारेतून नेल्यास ती तापून जळेल. म्हणून मुख्य तार थेट बॅटरीच्या धन टोकापासून आणतात, आणि तिच्या आरंभीच, बॅटरीजवळ, फ्यूज घालतात. हा फ्यूज मुख्यत्वे तारेच्या रक्षणार्थ असतो. गाडीच्या पत्र्याला घासून तारेचे वेष्टन फाटले, तर फ्यूजअभावी आग लागू शकते. डेककडून येणारी 'रिमोट' तार फक्त चालू-बंदची आज्ञा देते. संकेताच्या आवेष्टित तारा मुख्य तारेपासून दूर, शक्यतो गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेतात. आणि ऋण टोक आखूड तारेने गाडीच्या उघड्या धातूला जोडतात.

या शेवटच्या जोडास कारागीर 'बॉडी अर्थ' म्हणतात. मुंबईत अशा मालाची जुनी पेठ लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर आहे. जोडणीचे काम मात्र उपनगरांतील लहानमोठ्या गाळ्यांतूनही चालते. भाईंदर पश्चिमेच्या अशाच एका गाळ्यात प्रस्तुत लेखकाने एक प्रसंग पाहिला. इंजिनाची गती वाढली की कर्ण्यातून शिटीसारखा सूर चढे. मालकाने कर्ण्यास दोष दिला. कारागिराने कर्ण्यास हातही लावला नाही. गालिचा उचलून 'अर्थ'चा स्क्रू काढला, त्याखालचा गंज व रंग खरवडला, आणि सूर थांबला. कारण स्पष्ट आहे. जोडाचा रोध वाढला की डेक आणि अँप्लिफायर यांच्या 'शून्य' पातळ्यांत फरक पडतो, आणि इंजिनावर फिरणाऱ्या विद्युत्जनित्राचे कंपन त्या फरकावाटे संकेतात मिसळते. एका बाजूस वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे, अशा खाऱ्या दमट हवेच्या गावी लोखंडी जोड लवकर गंजावा यात नवल नाही.

या प्रसंगात मालक नावाच्या मागे गेला आणि कारागीर तारेच्या मागे. कारागिराच्या बोलीत कर्णा, अँप, डेक, मेन वायर, बॉडी अर्थ हे शब्द परके असोत वा घरचे, प्रत्येकाचा अर्थ एकच व निश्चित आहे. आपल्या संस्कारित संज्ञेस तेवढा गुण साधलेला नाही. अर्थात दोष केवळ मराठीचा नव्हे. 'अँप्लिफाय' या शब्दाच्या मुळाशी 'विस्तृत' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि प्राचीन रोमन वक्तृत्वशास्त्रात भाषण फुलवून मांडण्याच्या क्रियेस त्याच कुळातील संज्ञा होती. वाढविले म्हणजे कशातून वाढविले, हे तेथेही अनुक्तच राहते.

तथापि शास्त्रीय मराठीत 'विवर्धक' हा शब्द उपलब्ध आहे. त्यात ध्वनीचा उल्लेख नाही, हाच त्याचा गुण. 'ध्वनिवर्धक' लोकरूढीप्रमाणे कर्ण्यासाठी राखावा व अँप्लिफायरला 'विवर्धक' म्हणावे, अशी आमची सूचना आहे. ती करताना एक पथ्य मात्र सांगावेसे वाटते. तांत्रिक संज्ञा ठरविणाऱ्याने कोशाबरोबर गाळाही पाहावा; कारण चुकीच्या नावाची किंमत तेथे अर्थभेदात नव्हे, जळालेल्या तारेत मोजली जाते.